कानशीचे तीन हात

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत ठीक असेल. नसली तरी तू ती ठीक आहे असंच लिहिशील, म्हणून ते विचारण्यात शाई घालवत नाही. वहिनीलाच विचारतो, हा अजून चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो का?

परवा आम्हा दुरुस्तीवाल्यांना सरकारी कचेरीत बोलावलं होतं. रेडिओ, टेप, रेकॉर्डर, जे जे काही आवाज पकडतं आणि परत सोडतं, ते उघडून बसणारे आम्ही चाळीस जण, आणि खुर्च्या तीस. नव्या कायद्याचा मसुदा समजावून सांगायचा होता. थोडक्यात असा. यापुढे नक्कल करू शकणाऱ्या प्रत्येक यंत्रात एक कुलूप बसवलेलं येणार. गाणं आत गेलं की यंत्र त्यात मालकाची खूण शोधणार. सापडली तर वाजवणार, नाही सापडली तर तोंड मिटून बसणार. जुनी बिनकुलपाची यंत्रं जूनअखेर जमा करायची, नाहीतर परवाना काढायचा. आणि कुलूप उघडेल तो गुन्हेगार, मग ते दुरुस्तीसाठी का उघडलेलं असेना.

समजावणारे साहेब तरुण होते, चांगले होते, घसा बसलेला होता. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाले की बिनकुलपाचा रेकॉर्डर म्हणजे भरलेली बंदूक समजा. मागून कोणीतरी म्हणालं, मग माझ्या घरी स्वयंपाकघरात एक आहे, बायको रोज तिच्यावर बातम्या ऐकते. खूप हशा झाला. मीही हसलो. पण परत येताना वाटेत डोक्यात आलं की भरलेली बंदूक हातात धरलेला माणूस त्या खोलीत एकही नव्हता. माझ्या ओळखीत तसा एकच, तो तू. चाळीस वर्षं परवान्याच्या कायद्याखाली बंदुका दुरुस्त करतोयस. तेव्हा मला नीट सांग, तो कायदा अंगावर कसा बसतो? काचतो, की सवय होते?

दुसरी बातमी जास्त महत्त्वाची आहे, म्हणून नंतर लिहितोय. गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पाठ ताठ, छत्री टेकवत. काउंटरवर निळ्या कव्हरची एक कॅसेट ठेवली आणि विचारलं, ही विकणारा तो तूच का. दादा, मी बघताक्षणी ओळखली. आपण दोघं त्या एका खोलीत राहायचो तेव्हा मी बनवायचो, त्यातली. आणि समोर उभ्या होत्या त्या गाणाऱ्या बाई स्वतः! सगळे मला म्हणतात की हा स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस. त्यातला एक पाय या बाईंचा होता, हे फक्त तुला माहीत.

नाही म्हणायचं असं मनाशी ठरवत होतो. पण त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे खोटं बोलायला जोर मिळेना. हो म्हणालो. वाटलं, आता छत्री पाठीत बसते. पण त्यांचं म्हणणं वेगळंच निघालं. त्यांची रेकॉर्ड काढणारी कंपनी कधीच बंद पडली, मूळ टेपा गोदामासकट गेल्या, आणि त्यांच्याकडे स्वतःचं एकही गाणं उरलेलं नाही. ही निळी कॅसेटही घासून बहिरी झालेली. त्यांना ती चौदा गाणी हवीत, ऐकू येतील अशी.

ज्या पहिल्या टेपवरून मी बाकीच्या सगळ्या काढल्या ती माझ्याकडे आहे, आणि ती वाजते फक्त 'म्हातारी'वर, म्हणजे मी स्वतः जोडलेल्या त्या जुन्या यंत्रावर. लावली. तुला आठवत असेल, तेव्हा दोन यंत्रं एकमेकांना जोडायची वायरसुद्धा नव्हती माझ्याकडे. रेकॉर्ड लावायची, समोर माइक ठेवायचा, आणि रविवारी दुपारी रस्ता झोपला की उरकायचं. बाईंचं पहिलं गाणं सुरू झालं आणि मागून, लांबून, तुझी कानस! खर्र, खर्र, खर्र. तू खिडकीपाशी बसून काहीतरी घासतोयस. मला इतकं हसू आलं. बाईंनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, माझा थोरला भाऊ. त्या म्हणाल्या की त्याला तालाचं अंग अजिबात नाही.

तो आवाज काढून द्या अशी त्यांची अट आहे. माझ्या गाण्यात तुमच्या भावाचं काय काम, असं म्हणाल्या, आणि खरंच आहे. काढायला जमेल, पण वेळ लागेल.

तुझ्या धंद्यातलं सविस्तर लिही. राग आला तर तोही लिही, पण टपालात टाक.

तुझा,
सुपकान्या


दि. १३ फेब्रुवारी

चि. सुपकान्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझा चष्मा जागेवर आहे.

विचारलंस म्हणून लिहितो. माझ्याकडे माणूस बंदूक घेऊन आला की आधी मी बंदुकीकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. परवाना बघतो, परवान्यावरचा फोटो बघतो, फोटो आणि तोंड जुळवतो. मग बंदुकीवरचा नंबर. मग रजिस्टर. कोणी दिली, काय बिघडलं, मी काय केलं, कुठल्या तारखेला परत गेली. रात्री बंदूक लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. बंदूक राहू दे, बंदुकीचा सुटा भागही दुकानाबाहेर न्यायचा नाही. चाप दुरुस्त केला की त्याला वजन टांगून बघायचं. तेवढं वजन पेलून तो खटकला नाही, तरच बंदूक मालकाला द्यायची.

हे काचत नाही. पहिली दोन वर्षं काचलं असेल, मग ते हाताचाच भाग झालं. तुमच्या साहेबांची तुलना बरोबर की चूक ते मला सांगता यायचं नाही, मला गाण्यातलं कळत नाही. चाकूने भाजी चिरतात, बंदुकीने कोणी चिरत नाही, एवढं कळतं. पण तुम्ही चाळीस जण हसलात ते मला आवडलं नाही. माझ्या धंद्यातला एकेक नियम कोणाच्या तरी घरी रडारड झाल्यावर झालेला आहे. तुमच्या धंद्यातही रडणारं कोणी असेल. तू लिहिलंसच की त्या गाणाऱ्या बाई स्वतः छत्री घेऊन आल्या होत्या.

कानशीचा आवाज काढून टाक. बाईंची इच्छा आहेच. सगळ्या गाण्यांतून काढ, एखाद्यात राहू देऊ नकोस. त्यांना स्वच्छ गाणी दिलीस की ती पहिली टेपही पुसून टाक. कायदा येतोच आहे. ती घरात ठेवून तुझा काय फायदा? पुसलेली बरी.

ती टेप तुझ्याशिवाय आणि बाईंशिवाय कोणी ऐकली का, ते कळव.

इकडे सर्व ठीक. आशीर्वाद आहेतच, ते तुला पुरोत.

दादा

ता. क. भाऊजी, हे मी लिहितेय, यांना न सांगता. पत्र लिहून दोन दिवस खिशात घेऊन फिरले, मी खिशातून काढून टपालात टाकलं. रोपवाटिकेवरून जायचा रस्ता टाळून मागच्या बाजूने लांबचा वळसा घालून दुकानात जायची त्यांची जुनी खोड होती, मधे ती सुटली होती, तुमचं पत्र आल्यापासून परत लागलीय. तुम्ही एवढं काय लिहिलंत? — वहिनी


दि. २१ फेब्रुवारी

ती. दादा,
सा. न. वि. वि. वहिनीला नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा कायद्यासाठी, एकदा तुझ्यासाठी, आणि एकदा परत तुझ्यासाठी.

कायद्याचं आधी. तू मला नकळत एक गोष्ट देऊन गेलास. तू लिहिलंस की आधी बंदुकीकडे बघत नाही, माणसाकडे बघतोस. बस! मी त्या साहेबांच्या तुलनेत काय खटकतंय ते शोधत होतो, ते हेच. तुझा कायदा माणसाला विचारतो, तू कोण, तुला कशाला हवी. माझा नवा कायदा माणसाला काहीच विचारत नाही. तो यंत्राला विचारतो. उद्या कोणी अशी बंदूक काढली की जी समोर कोण आहे ते स्वतः ठरवून उडेल किंवा उडणार नाही, आणि मालकाला सांगितलं की हिला उघडून बघशील तर आत जाशील, तर तू अशी बंदूक दुकानात ठेवशील का?

हे मी हवेत बोलत नाहीये. गेल्या सोमवारी एक विक्रेता कुलपाचं नमुना यंत्र घेऊन आला. गुळगुळीत, काळं, पुढे एक दिवा. योगायोगाने बाई तिथेच होत्या, आता त्या दिवसाआड येतात आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांचीच झालीय. मी म्हातारीची वायर त्या यंत्राला जोडली आणि बाईंचं गाणं सोडलं. दिवा लाल. यंत्र गप्प. विक्रेता म्हणाला, मालकाची खूण सापडत नाही. बाई म्हणाल्या, मालक खुर्चीत बसलीय की. तो म्हणाला, तसं नाही आजी, खूण गाण्यात असावी लागते. मग बाई उठल्या, छत्री भिंतीला लावली, आणि त्या यंत्रासमोर उभ्या राहून त्याच गाण्याच्या दोन ओळी गायल्या. दादा, आवाज खाली उतरलाय, पण जागा अजून त्याच. दिवा लालच. विक्रेत्याने यंत्र गुंडाळलं, आणि जाताना वाकून नमस्कार केला. यंत्राला तेवढंही सुचलं नाही.

आता माझ्यावर शेकलेलं लिहितो, नाहीतर तू म्हणशील हा फक्त दुसऱ्यांचं सांगतो. तो गेल्यावर मी फुशारकीने म्हटलं, बघा, मी नकला काढल्या म्हणून तुमची गाणी तरी राहिली. बाई शांतपणे म्हणाल्या की हे खरं आहे. आणि मग म्हणाल्या, कंपनीनेही मला फार काही दिलं नाही, पण गायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं. तू विचारलंही नाहीस. तेव्हा मी तुमच्याच गावात, गल्लीपलीकडे तर राहत होते. दादा, मी स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

आता तुझं. तू लिहितोस आवाज काढ. मग लिहितोस एकाही गाण्यात ठेवू नकोस. मग लिहितोस टेपच पुस. मग विचारतोस आणखी कोणी ऐकली का. तू एकच गोष्ट दोनदा सांगणारा माणूस नाहीस. मला लोक सुपकान्या म्हणतात ते कानांच्या आकारामुळे, पण ते ऐकण्याच्याही कामाचे आहेत. मोटारीची घरघर बदलली तर कुठला दाता झिजला ते मी सांगतो, तर तुझं अक्षर बदललेलं कळणार नाही का?

आणि एक. आपण त्या खोलीत असताना तू चापाची कामं घ्यायचास, अगदी हौसेने. मग एकदम सोडलीस. इतकी वर्षं फक्त दस्ते आणि नळ्या. चापाचं काम आलं की दुसऱ्या गावच्या कारागिराकडे पाठवतोस. मी कधी विचारलं नाही. बाईंमुळे सध्या विचारायची सवय लागतेय, म्हणून विचारतो.

टेप पुसलेली नाही. तुझं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सुपकान्या


दि. २८ फेब्रुवारी

चि. सुपकान्यास आशीर्वाद.

हे पत्र दुकानात बसून, दार लावून लिहितोय.

त्या खोलीत मी जे घासत होतो ते तिथे असायला नको होतं. इथल्या फळबागेच्या मालकाची बंदूक दुरुस्तीला आली होती. चाप जड होता. चाप एका खाचेत अडकलेला असतो, ती खाच जरा घासली की तो हलका होतो. फार घासली तर नुसत्या धक्क्याने सुटतो. काम दुकानात करायचं, वजन टांगून बघायचं. पण त्या आठवड्यात तू तापातून उठला होतास, आणि रविवारी तुला एकट्याला सोडून मला दुकानात बसवेना. म्हणून मी चापाचा तेवढा जोड, खाचेसकट, रुमालात बांधून घरी आणला. वजन दुकानातच राहिलं. सोमवारी घाई होती, मालक दारात उभा होता. चाप बोटाला लोण्यासारखा लागला, त्यालाही आवडला. वजन न टांगता मी बंदूक दिली. आणि रजिस्टरात लिहिलं, काम दुकानात केलं, वजन लावून पाहिलं. आयुष्यात केलेली तेवढी एकच खोटी नोंद.

सात आठवड्यांनी बागेच्या कुंपणावरून उतरताना बंदूक उडाली. मालक जागीच गेला.

चौकशी झाली. माझं रजिस्टर मागवलं. सगळं नीट लिहिलेलं होतं. साहेबांनी उलट शाबासकी दिली की असं रजिस्टर ठेवावं. मालकाला भरलेली बंदूक घेऊन कुंपण ओलांडायची सवय होती, म्हणून त्याचाच निष्काळजीपणा असा निकाल झाला. बंदूक जप्त होऊन वितळवली गेली. त्याची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आता ती तिथेच रोपवाटिका चालवते. बाप बेफिकीर होता म्हणून मेला, हे तिला या गावाने बत्तीस वर्षं ऐकवलंय. मी मागच्या रस्त्याने जातो ते म्हणून.

माझ्या हातून खाच जास्त घासली गेली, की खरंच त्याची चूक होती, हे मला माहीत नाही. हे खोटं वाटेल, पण मला खरंच माहीत नाही. पहिल्या पत्रात तू कानशीचं लिहिलंस तेव्हा मला आधी भीती वाटली. म्हणून पुस म्हणालो.

आता दुसरं लिहितो. माझी पद्धत तुला माहीत आहे. सात हात घासायचं, थांबायचं, भाग जागेवर बसवून चाप ओढून बघायचा, टक् आवाज येतो. मग पुन्हा सात. त्यापेक्षा जास्त कधीही सलग नाही. जर मी तसं केलं असेल तर तुझ्या टेपवर ते असणार. नसेल केलं तर तेही असणार.

पुसू नकोस. मोज.

जे येईल ते जसंच्या तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून एक हातही कमी करू नकोस. तू माझ्याशी खोटं बोललास तर मला अक्षरावरून कळणार नाही, माझे कान तुझ्यासारखे नाहीत. म्हणून तुझ्यावर सोडतो.

दादा


दि. १४ मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही.

पाच दिवस मोजलं. बाईंना विचारून घेतलं, कारण गाणी त्यांची आहेत. घरातली जुनी गोष्ट आहे आणि त्यांच्या गाण्यामागचं काहीतरी ऐकायचं आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसांत दुकानात आल्या नाहीत. बाईंचा आवाज मी खाली दाबला आणि तुझी कानस वर काढली. म्हातारीवरच हे होतं. नवं यंत्र हे गाणं वाजवतच नाही, हे तू वाचलंस.

पहिल्या आठ गाण्यांत तू दुसरंच काही घासतोयस, मोठ्या कानशीने, आवाज जाड आहे. नवव्यापासून बारीक कानस. सात हात, टक्. सात हात, टक्. नववं अर्धं होईपर्यंत असंच. एकदाही आठ नाही, एकदाही सहा नाही. तुझा हात घड्याळासारखा चालत होता.

नवव्या गाण्याच्या शेवटाला तू पुन्हा सुरू केलंस. एक, दोन, तीन. आणि थांबलास. टक् नाही. गाणं संपतं ते पूर्ण शांततेत संपतं. बाईंचा शेवटचा सूर विरेपर्यंत कानशीचा एक कण नाही. मग खरखर, रेकॉर्डवर सुई पुढे सरकते, दहावं सुरू होतं, आणि कानस पुन्हा. एक ते सात. टक्.

तीन आणि सात. दोन टकच्या मधे दहा हात. मी वीस वेळा तरी ऐकलं.

तू तिथे का थांबलास ते तुला आठवत नसेल. मला आठवलं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी मी हात वर करायचो. शेवट स्वच्छ यावा, ऐकणाऱ्याला ही चोरीची नक्कल वाटू नये, म्हणून मी तुझ्याकडे बघून तळहात वर करायचो, आणि तू जिथे असशील तिथे गोठायचास. त्या रविवारी मी हात वर केला तेव्हा तुझे तीन झाले होते. हात खाली घेतला तेव्हा तू एकपासून मोजायला लागलास.

दादा, जसंच्या तसं लिही म्हणालास. हे ते. खाच तीन हात जास्त घासली गेली. कानस तुझी होती. हात वर झाला तो माझा होता.

आता दुसरं, तुला हवं असेल तेव्हा वाच. बाराव्या तारखेला कायद्याच्या समितीपुढे आम्हाला बोलावलं होतं. मला पाच मिनिटं मिळाली. तुझं नाव किंवा तुझी गोष्ट काढली नाही. मी उभा राहिलो आणि आधी सांगून टाकलं की मी नकला विकलेला माणूस आहे. एक सदस्य म्हणाले की मग तुमच्यासारख्यासाठीच हा कायदा आहे. मी म्हटलं, बरोबर आहे, तेव्हा मला कोणीतरी पकडायला हवं होतं. माणसाला विचारा, त्याच्याकडून नोंद घ्या, त्याने फसवलं तर शिक्षा करा. बंदुकीच्या कायद्यात चापाला वजन टांगून बघायचा नियम आहे, कारण तो लिहिणाऱ्याला चाप कसा सुटतो ते माहीत होतं. तुमचं कुलूप लिहिणाऱ्याने यंत्र उघडून पाहिलेलं नाही. हे वाक्य मी तुझ्याकडून घेतलं. तू लिहिलं नव्हतंस तसं, पण तुझ्याकडूनच घेतलं.

मग बाई बोलल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्या छत्रीसकट उठल्या. म्हणाल्या, याने माझी गाणी न विचारता घेतली, त्याचं काय करायचं ते मी बघेन. पण तुम्ही मला माझीच गाणी ऐकू देणार नसाल तर तुम्हीही मला विचारलेलं नाही. बसल्या. कुलपाचं कलम फेरविचाराला मागे गेलंय. परवान्याचं कलम आहे तसंच आहे. तेवढं राहावं असं मलाही आता वाटतं.

तू लगेच उत्तर देऊ नकोस. पण अगदीच देऊ नकोस असंही नाही.

तुझा,
सुपकान्या


दि. २९ मार्च

चि. सुपकान्यास अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी वाचलं. मग दुकानात जाऊन एक जुना तुकडा शिकंज्यात धरला आणि घासून बघितलं. तीन हात घासले, मान वर केली, तुझ्या हाताकडे बघितल्यासारखं केलं, आणि पुन्हा सुरू केलं. तोंडातून आपोआप एक निघालं. म्हणजे तू बरोबर ऐकलंस.

तुझ्या हाताबद्दल तू जे लिहिलंस ते परत लिहू नकोस. तू हात वर केलास ती गाण्याची गोष्ट होती. तीन हात जास्त झाले ते वजन टांगलं असतं तर सोमवारी सकाळीच कळले असते. वजन मी टांगलं नाही, आणि टांगलं असं लिहिलं. नियमाला ते आधीच माहीत होतं की एखाद्या रविवारी कोणीतरी हात वर करेल.

परवान्याच्या कचेरीत गेलो. म्हटलं, बत्तीस वर्षांपूर्वीची एक नोंद खोटी आहे, ती मला दुरुस्त करायचीय. कारकुनाने साहेबांना बोलावलं, साहेबांनी मोठ्या साहेबांना. शेवटी कळलं की वीस वर्षांपेक्षा जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणे नष्ट करतात. माझं खोटं कधीच लगद्यात गेलं होतं. नसलेल्या नोंदीवर दुरुस्ती लिहायचा फॉर्म त्यांच्याकडे नाही. मी कोऱ्या कागदावर लिहून, सही करून दिलं आणि पोच घेतली. परवान्याचं काय ते पुढे कळवतील. गेला तर तुझ्या वहिनीला चष्मा शोधायला माणूस मिळेल.

मग रोपवाटिकेत गेलो. पुढच्या रस्त्याने.

ती कुंड्या रचत होती. मी सगळं सांगितलं, रुमालापासून. ती कुंड्या रचतच राहिली, एक रांग झाली, दुसरी झाली. मला वाटलं ऐकतच नाही. मग तिने विचारलं की म्हणजे बाबांनी फार काही चुकीचं केलं नव्हतं? मी म्हटलं, भरलेली घेऊन कुंपण ओलांडायला नको होतं, पण बंदूक बरोबर असती तर तो घरी आला असता. ती म्हणाली, एवढं मला कोणीतरी आईच्या हयातीत सांगायला हवं होतं. जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, ते मोजलेलं मला ऐकायचंय. तीन आणि सात. माझ्या कानांनी.

तर मला त्या टेपची एक नक्कल हवी आहे. नवव्याचा शेवट आणि दहाव्याची सुरुवात, कानस आहे तशी ठेवून. कायदा काय होईल ते होवो. पण ती तू आपल्या मनाने काढू नकोस. गाणं कोणाचं आहे ते आपल्याला माहीत आहे. बाईंना आधी विचार. सगळं सांगून विचार. त्या नाही म्हणाल्या तर नाही.

वाट बघतोय. इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून मागायचं कसं ते नीट जमलं नसेल.

दादा


दि. ६ एप्रिल

ती. दादा,
सा. न. वि. वि.

विचारलं.

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. मी काम बाजूला ठेवून समोर उभा राहिलो, शाळेत उभे राहतात तसा, आणि पहिल्यापासून सांगितलं. तू, रुमाल, माझा हात, बाग, रोपवाटिका. मधे एकही गमतीचं वाक्य घातलं नाही, तुला खरं वाटणार नाही. शेवटी म्हटलं की तुमच्या गाण्याची एक नक्कल काढायची परवानगी हवी आहे.

त्या म्हणाल्या, दहाव्या गाण्याला सुरुवातीला मी श्वास घेते तो त्या मुलीला ऐकू येईल ना? मी म्हटलं, येईल, कानशीच्या जरा आधी येतो. त्यांनी कागद मागितला. त्यांच्याच अक्षरात आहे, मी जसाच्या तसा उतरवतो, मूळ कागद माझ्याकडे ठेवतो:

"एक नक्कल काढावी. माझ्या चौदा गाण्यांतून भावाचा आवाज स्वच्छ करून द्यावा, हे आधी ठरलं आहे ते तसंच. या एका नकलेत तो राहू द्यावा. — गाणारी."

खाली तारीख घातली, आणि म्हणाल्या की हे तीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस तरी मी हो म्हणाले असते, कदाचित.

नक्कल आज सकाळी काढली. सोबत पाठवतोय, टपालाने हलगर्जीपणा करू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून. सुरुवातीला माझा आवाज येईल. कुठल्या टेपवरून, कुठल्या तारखेला, कोणाच्या परवानगीने काढली, ते बोलून ठेवलंय. ती तुझी पद्धत. काढून झाल्यावर पुन्हा एकदा पूर्ण ऐकली. नववं संपत आलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला, आणि समोर कोणी नव्हतं.

म्हातारीच्या परवान्याचा फॉर्म आलाय. त्यात एक रकाना आहे, अर्जदाराला पुष्कळ वर्षं ओळखणारी आणि त्याच्या वागण्याची हमी देणारी व्यक्ती. तिथे तुझं लिहिलंय. काय माहीत आहे ते खरं लिही. जागा कमी पडली तर मागच्या बाजूला लिही.

त्या मुलीला नक्कल ऐकवशील तेव्हा जवळ बस.

तुझा,
सुपकान्या